सलाइनच्या नळीतलं डिझेल

"बघ," बाबुराव म्हणाला.

मी बघितलं. सलाइनच्या नळीतून डिझेल सरकत होतं आणि त्यात मोहरीएवढे बुडबुडे एकामागे एक पळत होते.

"आहेत बुडबुडे. वरातीला निघाल्यासारखे चाललेत," मी म्हटलं. "पुढे काय? का नुसतं बघतच बसायचं?"

"बघ, बघ," म्हणत त्याने डाव्या हाताने फिल्टरच्या अलीकडचा पाइप दाखवला. म्हणजे नळी इथून काढ आणि तिथे लाव.

बाबुराव म्हणजे माझा नवरा. नवऱ्याचं नाव तोंडाने घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं आमची शेजारीण सुमती सांगते. आमच्यात असलं काही मानत नाहीत. आणि सुमतीने जन्मात नवऱ्याचं नाव घेतलेलं नाही, तरी त्याने काय दिवे लावले ते सगळ्या चाळीला माहीत आहे.

मागच्या पावसाळ्यात बाबुरावला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालतो आणि वाचा गेली. पोतं फाटून धान्य सांडावं तसे सगळे शब्द सांडले, एकच तळाला चिकटून राहिला. बघ. भूक लागली तरी बघ, लघवीला लागली तरी बघ. डॉक्टर म्हणाले, होतं असं कुणाकुणाचं. आता गंमत अशी की अख्ख्या संसारात हा माणूस मला कधी 'बघ' म्हणाला नव्हता. 'दे', 'धर' आणि 'सरक', एवढ्यात त्याचा आणि माझा संसार झाला.

कारण आमचा संसार ह्या व्हॅनच्या भोवतीच झाला. डिझेलची जुनी व्हॅन, इंजिन पुढच्या दोन सीटांच्या मध्ये लोखंडी झाकणाखाली. आमचा प्रशांत पोटात होता तेव्हा घेतलेली. शाळेची पोरं नेली तिने, मंडपाच्या कनाती नेल्या, नवरात्रात टेंभी नाक्याला फुलांच्या पाट्या नेल्या आणि चौदा एप्रिलला निळा झेंडा लावून मिरवणुकीच्या पुढे चालली. गॅरेजचं तोंड तिने बघितलं नाही. आजारी पडली की कळव्यातल्या आमच्या चाळीच्या अंगणात, भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. बाबुराव तिच्या पोटात डोकं घालायचा आणि मी पाने द्यायची. मी दुसरीतून उठलेली बाई. पण दहाचा पाना कुठला आणि बाराचा कुठला, ते डोळे मिटून बोटांनी सांगते.

झटका आल्यापासून त्याचा उजवा हात म्हणजे मी. जेवायलाही मीच भरवते. डाव्या हाताने जेवलेलं मला चालत नाही. माझ्या घरात कुणी डाव्या हाताने ताटाला शिवणार नाही, हे मी त्याला इस्पितळातच सांगितलं. तेव्हा त्याने चमचा डाव्या हाताने उचललेला. मी तो काढून घेतला. तेव्हापासून तो तोंड उघडतो, मी घास घालते. दारातून बघणारे बघतात. बघू देत.

पण पाना धरायला डावा हात चालतो. पान्याला कुठे उष्टं लागतं?

आता नळीचं सांगते. घरी सलाइन लावलेलं तेव्हाची नळी मी धुऊन खुंटीला अडकवून ठेवली होती. व्हॅन सुरू व्हायची आणि लगेच मरायची. डिझेलच्या रस्त्यात कुठूनतरी हवा घुसत होती. पाइप काळे, आत काय चाललंय दिसत नाही. बाबुरावने ती खुंटीवरची नळी मागितली. पाइप कापून मध्ये ती नळी जोडायची, की डिझेल दिसतं आणि बुडबुडे दिसतात. मग नळी एकेक ठिकाण मागे न्यायची. जिथे बुडबुडे नाहीत, त्याच्या पुढे कुठेतरी भोक.

मी नळी फिल्टरच्या अलीकडे लावली. किल्ली फिरवून इंजिनाला घरघर करायला लावलं. बघितलं. स्वच्छ. पिवळंधम्मक डिझेल, एक बुडबुडा नाही.

"म्हणजे फिल्टरलाच चोर बसलाय," मी म्हटलं.

बाबुराव हसला. त्याचं तोंड उजवीकडे उतरलेलं, त्यामुळे हसला तरी अर्धाच हसतो.

"मंजुळे," सुमती तिच्या दारातून ओरडली, "झालं का तुझं ऑपरेशन? माझ्या इन्व्हर्टरची बॅटरी संपवू नकोस हां. लाइट गेली तर मी काय तुझ्या नवऱ्याचं तोंड बघत बसू?"

व्हॅनची बॅटरी केव्हाच मेलेली. सुमतीच्या छोट्या इन्व्हर्टरची मागून आणली होती. मागताना मला जे बोलावं लागलं ते मी इथे सांगणार नाही.

"बघ की," मी म्हटलं. "तुझ्या घरातल्या तोंडापेक्षा बरंच आहे."

ह्या सगळ्याची घाई का, तर रविवार. आमच्या प्रशांतने विजेवर चालणारी गाडी घेतली आहे. ती उभी करायला अंगणातली जागा पाहिजे. व्हॅनचे कागद महिनाअखेर संपणार आणि एवढ्या जुन्या गाडीला आता नवीन कागद मिळत नाहीत. म्हणून प्रशांतने भंगारवाल्याला रविवार दिला होता. ते ऐकून बाबुरावने तोंड उघडायचं बंद केलं. घास घेऊन बसले तरी दात घट्ट. दोन वेळा ताट तसंच उचललं मी. तेव्हा प्रशांत त्याच्या खाटेशी बसला आणि म्हणाला, "अप्पा, ऐका. रविवारपर्यंत चालू झाली ना, तर क्रेन नको. मी स्वतः चालवत नेतो. तुम्ही शेजारच्या सीटवर बसा. कळव्याच्या पुलावरून नेतो, जुन्या रस्त्याने. प्रॉमिस."

बाबुरावने डावा हात पुढे केला. प्रशांतने त्यावर हात दिला.

मी पोराचा चेहरा बघत होते. पोटचा आहे, मला कळतं. चालू होणार नाही ह्याची खात्री होती म्हणून तो वचन देत होता.

फिल्टरच्या नटाखाली तांब्याचा एक चपटा वायसर असतो, आठ आण्याच्या नाण्याएवढा. तो वर्षानुवर्षं दाबून दाबून कडक झाला होता. कडक झालं की बसत नाही नीट आणि फटीतून हवा ओढली जाते. माणसांचंही तसंच आहे, पण माणसांना गॅसवर धरता येत नाही. वायसरला येतं. लाल होईपर्यंत तापवायचा, पाण्यात टाकायचा, की नव्यासारखा मऊ.

मी चिमट्यात वायसर धरून गॅसशी उभी राहिले. माझी सून दर्शना कणीक मळत होती.

"आई, त्याच शेगडीवर पोळ्या करायच्यात मला."

"कर की."

"डिझेलचा वास येतोय सगळ्या घरात. मला मळमळतंय."

"मला ह्या वासात दिवस गेलेले. तुझा नवरा जन्मला. मळमळलं नाही."

"आणि एवढं करून होणार काय? जाणार तर भंगारातच ना ती?"

"तू पण जाणार आहेस एक दिवस," मी म्हटलं. "म्हणून सकाळी वेणी घालायची सोडलीस का?"

तिने कणकेला बुक्की मारली. वायसर लाल झाला. पाण्यात टाकला, चुर्र झालं. दर्शना म्हणाली, "तो माझा पोळ्यांचा पाण्याचा वाडगा होता."

खाली येऊन वायसर बसवला. मी नट आवळत होते, बाबुराव डाव्या हाताने माझं मनगट धरून सांगत होता, किती. थोडं. आणखी थोडं. बस. मग हातपंप दाबून नळीत डिझेल आणलं. बुडबुडा नाही. मी ड्रायव्हरच्या सीटवर चढले, लुगड्याचा ओचा खोचला आणि किल्ली फिरवली.

पहिल्यांदा नुसतीच खाकरली. दुसऱ्यांदा मागून काळा भपका निघाला आणि सुमतीच्या दोरीवरच्या चादरीत गेला. तिसऱ्यांदा धरलं. धडधड करत अंग झाडलं आणि एका लयीत चालू राहिली. सीटखालून ती धडधड माझ्या हाडांपर्यंत आली.

बाबुराव काठी टाकून व्हॅनच्या पत्र्यावर तळवा ठेवून उभा होता. मी नळीकडे बघितलं. पिवळं, स्वच्छ, एका धारेने.

"झाली ना चालू? आता माझी बॅटरी," सुमती येऊन उभी राहिली. "आणि ती चादर तूच धुणार आहेस."

"धुईन. तशीही कधी धुतलेली दिसत नव्हती."

बॅटरी मीच काढून दिली. चाळीतली दोन-चार माणसं जमली होती; त्यांना वाटलं, आता बंद पडणार. पण जुनं डिझेल इंजिन एकदा धरलं की त्याला बॅटरी लागत नाही. आपल्या दमावर चालतं. फक्त, बंद केलं की संपलं. पुन्हा चालू करायला बॅटरी पाहिजे आणि सुमती आता पुन्हा देणार नव्हती.

"मंजुळे," सुमती बॅटरी दोन्ही हातांनी पोटाशी कवटाळत म्हणाली, "ही बरी आहे. तुझ्या नवऱ्यासारखी अर्धी बंद नाही."

सगळे हसले. मी पण हसले. "तुझा तर अर्धाही चालू झाला नाही कधी," मी म्हटलं, तेव्हा जास्त हसले. बाबुराव हसला नाही. त्याचा हात पत्र्यावर तसाच.

ही व्हॅन किल्लीने बंद होत नाही. बंद करायचा दट्ट्या आणि त्याची तार कधीच तुटली. झाकण उघडून, पंपाच्या कुशीत एक बोटाएवढी पट्टी आहे, ती मागे ओढायची. ती कुठे आहे हे जगात दोघांना माहीत होतं. त्यातल्या एकाला बोलता येत नव्हतं.

तर आम्ही बंद केली नाही. चालूच ठेवली. उद्या सकाळी ब्रेक करायचे होते. ब्रेकचा पाय दाबला की तळाला जाऊन बसत होता, तेल गळून गेलेलं. त्याला दोन माणसं लागतात. एकाने पाय दाबायचा, एकाने चाकाशी बसून हवा काढायची. बाबुरावने माझ्या पावलाला काठी लावून दाखवलं. तू दाब, मी चाकाशी. मी म्हटलं, "चाकाशी बसाल, उठवणार कोण?" त्याने माझ्याकडेच काठी केली.

तेवढ्यात मी वर बघितलं. प्रशांत खिडकीत उभा होता. शनिवारची सुट्टी होती त्याला. त्याच्या चेहऱ्यावर मी आनंद शोधला. त्याच्या कानाला फोन होता.

क्रेन आली तेव्हा बाबुरावला मी व्हॅनच्या दाराशी खुर्ची टाकून दिली होती आणि तो ऊन खात, आवाज ऐकत बसला होता. क्रेनचं पिवळं नाक चाळीच्या तोंडाशी दिसलं. प्रशांत चपला घालून खाली आला.

"रविवार म्हणालेलास," मी म्हटलं.

"आई, शनिवार-रविवारने काय फरक पडतो?"

"ब्रेकांचा."

"तू समजून घे ना. चालू झाली म्हणजे आता अप्पा ती सोडणारेत का? उद्या म्हणतील टिटवाळ्याला जाऊ, परवा म्हणतील..."

"म्हणतील कसे? वाचा आहे का त्यांना?"

"हेच. हेच तुझं." त्याने आवाज खाली आणला. "माझी गाडी सोमवारी येतेय. मी कुठे लावू? डोक्यावर?"

"तिथे जागा रिकामी आहे तुझ्या," मी म्हटलं.

बाबुरावला कळलं. न कळायला झटका हातापायाला आलेला, डोक्याला नाही. तो उठला आणि त्याने दाराची कडी धरली. क्रेनवाला जाडा माणूस होता, तोंडात मावा. त्याने आत बसून ब्रेकवर पाय मारला. पाय खाली गेला.

"ब्रेक नाय हिला. चालवत कोण नेणार? मी नाय." तो उतरला. "हुक लावतो. शेठ, त्या बाबांना बाजूला घ्या."

"अप्पा, सोडा," प्रशांत म्हणाला. "अप्पा, लोक बघतायत."

लोक बघतच होते. गॅलऱ्या भरल्या होत्या. प्रशांतने बापाच्या हातावर हात ठेवला आणि बोटं उकलायला लागला. करंगळी सोडवली. ती परत बसली. डाव्या हातात एवढा जोर येईल असं मला वाटलं नव्हतं. दोन हातांचा सगळा जोर तिथे जाऊन राहिला होता. प्रशांतने दुसऱ्या हाताने मनगट पिळलं. बाबुरावच्या तोंडातून आवाज आला, शब्द नव्हे.

"बाजूला हो," मी प्रशांतला म्हटलं. "बापाची बोटं पोरगा मोडतोय, हे चाळीला दाखवू नकोस. मी सोडवते."

बाबुरावने माझ्याकडे बघितलं. त्याला वाटलं, मी त्याच्या बाजूने आले. मी त्याची बोटं सोडवली. मला माहीत होतं कुठे धरलं की हा हात ढिला पडतो, अंगठ्याच्या मुळाशी. तिथे धरलं आणि ढिला पडला. मग तो खुर्चीत बसला आणि त्याने माझ्याकडे बघायचं बंद केलं.

व्हॅनचं तोंड भिंतीकडे, म्हणून क्रेनवाल्याने हुक मागून लावला. मागची चाकं वर उचलली गेली. इंजिन चालूच. नाक खाली, ढुंगण वर, आणि धडधडतेय. गॅलरीतून कुणीतरी म्हणालं, "अरे, मयत उठून बसलं तिरडीवर!" पुन्हा हशा.

"बंद करा की हिला," क्रेनवाला म्हणाला. त्याने किल्ली फिरवली. काही नाही. किल्ली काढून हातात घेतली. तरी काही नाही. तो बॅटरी बघायला गेला आणि रिकामा खण बघून आला. "बॅटरीच नाय! मग चालते कशावर?"

मग त्याने डोकं चालवलं. चालू इंजिनला गिअर टाकून धक्क्याने बंद पाडायचं. आत चढला, गिअर टाकला, क्लच सोडला. पण मागची चाकं हवेत होती. ती गरगर फिरायला लागली आणि टायरांत बसलेली वर्षाची माती जमलेल्यांच्या अंगावर उडाली. बायका किंचाळल्या, सुमती चादर कवटाळून पळाली. क्रेनवाल्याने कसाबसा गिअर काढला आणि खाली उडी टाकली.

"शेठ, बंद कशी होते ही?"

प्रशांतला माहीत नव्हतं. लहानपणी तो गाडीजवळ आला की मी त्याला पान्याने मारायची आणि अभ्यासाला बसवायची. त्याच्या नखात कधी ग्रीस गेलं नाही, ही माझी कमाई. त्याने बापाकडे बघितलं. बाप भिंतीकडे बघत होता. मग त्याने माझ्याकडे बघितलं.

"आई. तुला माहितेय."

"मला?"

"आई, प्लीज. तू आयुष्यभर पाने दिलेस त्यांना. तुला माहितेय कुठून बंद होते."

"मी अडाणी बाई," मी म्हटलं. "दुसरीतून उठलेली. मला काय कळतं त्यातलं?"

"आई, तमाशा करू नकोस."

"तमाशा तू बोलावलास. क्रेन लावून."

क्रेनवाल्याने झाकण उघडून आत बघितलं. पट्टा सणसणत फिरत होता, गरम वाफ आली. त्याने हात मागे घेतला. "मी नाय घालणार हात. बोट गेलं तर कोण देणार?" तो पचकन थुंकला. "मरू दे. अशीच नेतो. यार्डात डिझेल संपलं की आपोआप मरेल."

क्रेन मागे सरकली. व्हॅन तिच्या मागे, नाक जमिनीकडे, चाळीच्या बोळातून उलटी निघाली. पुढचा झेंड्याचा लोखंडी पाइप भिंतीला घासून ठिणगी पडली. प्रशांत पुढे पुढे हात करून लोकांना बाजूला करत होता, जणू काही फार मोठं काम करतोय. बोळाच्या तोंडाशी क्रेन वळली आणि खारेगावच्या रस्त्याला लागली. गाडी दिसेनाशी झाली तरी आवाज येत राहिला. जुन्या डिझेलचा आवाज लांबून येतो. रिक्षांच्या आणि बसच्या आवाजाखालून तो वेगळा काढता येतो, कान असेल तर. बाबुराव मान तिरकी करून ऐकत होता. मीही ऐकत होते. एकदाही अडखळला नाही. वायसर चांगला बसला होता.

मग ऐकू येईना. बाबुरावने मान सरळ केली.

जागेवर एक काळा चौकोन उरला आणि त्याच्याकडेला सलाइनच्या नळीचा कापून उरलेला तुकडा. प्रशांतने वर जाताना तो पायाने गटारीत ढकलला.

मी कपड्याची पावडर आणि पाणी घेऊन बाबुरावचा हात धुवायला गेले. त्याने हात काढून घेतला. पुन्हा धरला, पुन्हा काढून घेतला. काळा तो काळाच राहिला, नखांत डिझेल.

संध्याकाळी भाकरी आणि सुकटीची चटणी केली. दर्शना आणि प्रशांत आत टीव्हीपुढे बसले होते, टीव्ही बंद. मी ताट घेऊन बाबुरावसमोर बसले. घास केला, पुढे धरला. दात घट्ट. मी घास ताटात ठेवला.

"अन्नाशी भांडू नका," मी म्हटलं. "क्रेन मी नाही बोलावली."

त्याने मान भिंतीकडे फिरवली.

मी ताट उचललं आणि त्याच्या डाव्या बाजूला ठेवलं. पाण्याचा तांब्याही डावीकडे केला. दारातून सुमती डोकावली, तिने ते बघितलं आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी उठून दार लावून घेतलं.

त्याने काळ्या हाताने भाकरी चाचपली. एका हाताने भाकरी तुटत नाही. तो ती तळव्याखाली दाबून बोटांनी ओढत होता, ताट सरकत होतं. ते सरकू नये म्हणून मी पलीकडची कड पायाच्या अंगठ्याने दाबून धरली, ब्रेकवर पाय ठेवावा तशी. त्याने पहिला तुकडा तोडला.